एक गिरणी, दोन खाती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या सदरासाठी ‘सामाजिक स्तरीकरण आणि विषमता’ हा विषय जाहीर केल्यावर परीक्षेपुरती व्याख्या मागणारी पत्रे थोडी आली. घरातली, गावातली किंवा नोकरीच्या ठिकाणची एखादी सलणारी गोष्ट सविस्तर लिहून तिचा अर्थ विचारणारी पत्रे मात्र पुष्कळ निघाली. जागेअभावी येथे पत्रांचा केवळ सारांश दिला आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : विषमता आणि सामाजिक स्तरीकरण हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरलेले दिसतात. त्यांत खरोखर फरक आहे काय? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : फरक आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरच्या आपल्याकडच्या अनेक चर्चा भरकटतात. विषमता म्हणजे माणसामाणसांच्या उत्पन्नात, जमिनीत, शिक्षणात किंवा मानात असलेली तफावत. ती मोजता येते आणि वर्षागणिक कमीजास्तही होते. स्तरीकरण म्हणजे ती तफावत कोणाच्या वाट्याला यायची हे जन्माच्या आधीच बऱ्याच अंशी ठरवून ठेवणारी आणि पुढच्या पिढीच्या हाती तशीच सोपवणारी रचना. ‘स्तर’ ही कल्पना समाजशास्त्राने भूगर्भशास्त्राकडून घेतली. मात्र खडकांच्या थरांची ही उपमा एका जागी अपुरी पडते. खडकाचा वरचा थर खालच्या थराकडून काही घेत नाही. समाजातला वरचा थर खालच्याच्या श्रमावर उभा असतो, आणि ही मांडणीच रास्त आहे असे दोघांनाही वाटावे अशी शिकवणही त्याच्यापाशी तयार असते.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारून पाहावे. रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबांधांची कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे राबत होती. स्वतःची शेती असलेले शेतकरी आणि एरवी त्यांच्याच शेतावर मजुरी करणारे भूमिहीन एकाच ठिकाणी खडी फोडत होते, सारख्याच दराने मजुरी घेत होते, सारखीच सुकडी खात होते. त्या काही महिन्यांपुरते गावातील उत्पन्न मोजले असते, तर विषमता विलक्षण घटल्याचे आकड्यांत दिसले असते. पुढे पाऊस झाला. ज्याची जमीन होती तो आपल्या जमिनीकडे परतला आणि ज्याची नव्हती तो पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर जाऊन काम मागू लागला. उत्पन्नातली तफावत काही काळ आटली, परंतु तिच्या मुळाशी असलेली मांडणी हललीही नव्हती.

दुसरे उदाहरण महार वतनाचे. सरकारी निरोप पोहोचवणे, वसुलीच्या वेळी माणसे बोलावून आणणे, गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे वतनदार महाराने सांगितल्या वेळी करायची, आणि मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन व शेतकऱ्यांकडून मिळणारे बलुते घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने तिला मुंबई इलाख्यात इंग्रजी राजवटीचाही आधार मिळाला. वतनदार हा गावातील सर्वांत दरिद्री माणूस असेलच असे नव्हते, कारण त्याच्याजवळ जमिनीचा तुकडा होता. काम नाकारण्याची मोकळीक मात्र त्याला नव्हती, आणि त्याच्या मुलालाही ती मिळणार नव्हती. शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये हे वतन मोडीत काढले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. आणि मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. या प्रथेत वाईट काय होते हे केवळ उत्पन्न मोजणाऱ्या अभ्यासकाला कधीच सापडले नसते.

प्रश्न : माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत तीस वर्षे कामाला होते. १९८२ च्या संपात सर्व जातींची माणसे सारखीच उपाशी राहिली, असे ते सांगत. तेव्हा शहरात आणि कारखान्यात जात विरघळते आणि वर्ग तेवढा उरतो, असे म्हणणे योग्य ठरेल ना? (निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

उत्तर : आपल्या वडिलांची आठवण खरी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांच्यापैकी असंख्य कुटुंबांनी भांडी विकली, मुलांच्या शाळा सोडवल्या, गावची वाट धरली, आणि ही होरपळ जात विचारून आली नाही. या सगळ्याला ‘वर्ग’ हाच शब्द लागू पडतो. तरीही जात गिरणीच्या दाराशी थांबत होती काय, हे पाहण्यासाठी आपल्याला संपाकडून मागे वळून गिरणीच्या आतील खात्यांकडे जावे लागेल.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढील पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसांचे लोंढे गिरणगावात आले. गिरणी म्हटली की आपल्याला एकच भोंगा आणि एकच फाटक आठवते. परंतु कामगाराची कमाई तो कोणत्या खात्यात लागला यावर ठरत असे. विणकाम खात्यात, म्हणजे गिरणगावाच्या बोलीतल्या साळखात्यात, मजुरी कातकामापेक्षा बरीच जास्त होती. या खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. मागावर धोट्यातली, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते धोट्याला तोंड लावून, श्वास आत ओढून काढण्याची रीत होती. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागत असे. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याचे उष्टे कसे चालेल, हा सवर्ण विणकरांचा आक्षेप होता. आणि म्हणून दलित कामगार मुख्यतः कमी मजुरीच्या कातकाम खात्यांतच राहिले.

या प्रकारात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने फार वेळ थांबावे असे मला वाटते, कारण येथे स्तर प्रत्यक्ष तयार होताना दिसतो. ही बंदी कोणत्याही सरकारी कायद्याने घातलेली नव्हती, आणि गिरणीचे काम तिच्यावाचून अडत होते असेही नव्हते. ती शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या, स्वतःही चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, स्वतःही मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या कामगारांनी घातलेली होती. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने ज्या प्रक्रियेचे वर्णन केले आहे ती हीच : एखाद्या गटाच्या हाती चांगली संधी लागली की तो गट कोणते तरी लक्षण पुढे करून इतरांसाठी त्या संधीचे दार लावून घेतो. ते लक्षण कधी भाषा असते, कधी वर्ण, कधी धर्म. मुंबईच्या गिरण्यांत ते जात होते. तंत्राचा नाइलाज होता हे समर्थनही टिकणारे नाही. तोंडाने सूत ओढण्याने आजार पसरतात म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच या रीतीला कायद्याने मनाई केली होती, आणि तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा तयार होत होते. विटाळाचा प्रश्न खरोखर सोडवायचा असता, तर धोटा बदलता आला असता.

१९२८ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला आणि तो जवळपास सहा महिने चालला. संपाच्या पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली, तेव्हा दलित कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा ही मागणी तीत असली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. नाहीतर दलित कामगारांनी या संपात का उतरावे, हा त्यांचा प्रश्न होता. मागणी यादीत आली, पण नाखुशीने. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे म्हणणे पडले की हा अन्याय असेल तर त्याचे दायित्व आमच्याकडे नाही. मला हे उत्तर वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होते, कारण त्यात सोयीस्करपणा असला तरी तथ्यही आहे.

असाच प्रकार रेल्वेतही होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. दलित माणूस रेल्वेत गँगमनच, म्हणजे रुळांच्या डागडुजीचा मजूरच, का राहतो, हमालाची साधी जागाही त्याला का मिळत नाही, याचे कारण बाबासाहेबांनी तेथे सांगितले : स्टेशनमास्तर हमालाकडून घरगुती कामे करून घेतो, आणि घरात अस्पृश्य माणूस चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची मांडणी याच परिषदेतली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्काला आळा घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी खांद्याला खांदा लावून उभे होते. वर्गलढा खोटा आहे असे त्यांनी म्हटले नाही. वर्गाच्या आत जी भिंत आहे ती आधी पाहा, एवढाच त्यांचा हट्ट होता. साळखात्याची बंदी पुढे सैल होत गेली. परंतु ज्या घरात साळखात्याचा पगार आला त्या घरातील मुले किती शिकली, त्यांना पुढे बँकेत, बेस्टमध्ये, सरकारी कचेरीत जागा कशा मिळाल्या, आणि ज्या घरात तो येऊ दिला गेला नाही तेथे काय झाले, हा हिशेब अजून जिवंत आहे. आपल्या वडिलांच्या सोबत्यांपैकी कोणी भेटले, तर कोणत्या खात्यात कोण होते एवढेच त्यांना विचारावे.

प्रश्न : मी शेतकरी कुटुंबातून येऊन स्वतःच्या कष्टावर अभियंता झालो. बुद्धी आणि मेहनत यांच्या प्रमाणात फळ मिळाले तर त्यात गैर काय? सगळ्यांना सारखेच मिळू लागले तर अवघड कामे कोण करील? (संगणक अभियंता, पुणे)

उत्तर : आपल्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि आपला युक्तिवादही दुबळा नाही. किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये तो पद्धतशीर मांडला. समाजाला काही कामे अधिक महत्त्वाची असतात, ती करण्यासाठी लागणारे कौशल्य थोड्यांकडे असते, ते मिळवण्यासाठी दीर्घ शिक्षण घ्यावे लागते, म्हणून अशा कामांना अधिक मोबदला व मान ठेवावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेल्विन ट्यूमिन याने १९५३ मध्ये त्यावर जी टीका केली तिच्यातला मुख्य मुद्दा मला निर्णायक वाटतो. वरच्या थरातील मुलांना शिक्षणाची संधी आधीच अधिक मिळत असेल, तर स्तरीकरण गुणी माणसे शोधून काढत नाही, उलट खालच्या थरातील गुण हुडकण्याची वाटच ते बंद करते.

महत्त्वाचे आणि अवघड काम कोणते, हेही एकदा शांतपणे पाहावे. मैला वाहून नेणाऱ्या गटारांची सफाई आठ दिवस थांबली तर शहर आजारी पडेल. ते काम धोक्याचे आहे. त्यात गुदमरून माणसे मरतात. डेव्हिस आणि मूर यांच्या हिशेबाने त्याला मोठा मोबदला हवा. प्रत्यक्षात हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये करावे लागले, आणि तरीही जी माणसे त्या गटारांत उतरतात ती ठरावीक जातींतलीच असतात. त्यांचा पगार कामाच्या गरजेने ठरला नाही. ते काम करणाऱ्यांची सामाजिक जागा आधी ठरली आणि पगार तिच्या मागोमाग आला.

नोकरीच्या बाजारात तरी गुणांचे राज्य आहे काय? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी शैक्षणिक पात्रता सारखी असलेले अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश आढळली. या अर्जांमागे खरी माणसे नव्हती, त्यामुळे कोणी कमी कष्ट केले असे म्हणायलाही जागा नाही.

आणखी एक गोष्ट. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के, तर संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. उत्पन्न निदान काही अंशी कमावावे लागते. संपत्ती वारशाने येते. आपण शेतकरी कुटुंबातून आलात, तेव्हा सात-बाऱ्यावर नाव असणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. फी भरायला गहाण ठेवता येईल असे काही घरात होते काय, हा प्रश्न आपल्या वर्गमित्रांच्या बाबतीत विचारून पाहिला, तर कष्टाबरोबर आणखी काय काय लागते ते दिसेल.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात. त्यांचे उच्चार सुधारणे हे माझे काम आहे की मी नकळत त्यांना कमी लेखत आहे? (प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : प्रमाण मराठी शिकवणे हे आपले काम आहे, आणि ते मुलांच्या हक्काचे आहे. मुलाखतीत, कचेरीत आणि महाविद्यालयात त्याच भाषेवरून त्यांची पारख होणार आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. वरच्या थरातील मुलाला ही भाषा घरात, काही न करता मिळते, आणि शाळा मात्र तिला त्याची हुशारी समजून गुण देते. न आणि ण यांतल्या फरकावरून माणसाची जात आणि गाव ओळखण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. म्हणून प्रमाण उच्चार शिकवताना तो ‘शुद्ध’ आणि घरचा ‘अशुद्ध’ असे मात्र म्हणू नये. शाळेत असे म्हणतात, घरी तसे म्हणतात, दोन्ही यायला हवे, एवढे सांगितले तरी पुरते. आईची भाषा चुकीची आहे असे पाच वर्षांच्या मुलाला सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न : आम्ही घरात जात पाळत नाही. सर्वांबरोबर जेवतो, मुलीच्या मैत्रिणी सर्व समाजांतल्या आहेत. मात्र तिचे लग्न आपल्यातच व्हावे असे वाटते, ते तिच्या सुखासाठी. मुलगी म्हणते की हीच जात पाळणे होय. तिचे म्हणणे टोकाचे नाही काय? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : आपण प्रांजळपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. आपल्या मुलीचे म्हणणे टोकाचे नाही. समाजशास्त्राच्या दृष्टीने ते बिनचूक आहे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. सोवळे, व्यवसाय, पंगतीचे नियम या सगळ्या खुणा बाजूला सारून त्यांनी जातीचे सार एका गोष्टीत शोधले : आपल्या गटातच लग्न करण्याचे बंधन. जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग, असे त्यांनी म्हटले. त्या निबंधातला पुढचा भाग आपल्यासारख्या आईने आवर्जून समजून घ्यावा असा आहे. गटातच लग्न करायचे असेल, तर गटातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. पती मेला तर मागे राहणारी स्त्री गटाबाहेर लग्न करील किंवा गटातल्या दुसऱ्या मुलीचा वर घेईल, ही भीती. म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य. पत्नी मेली तर पुरुषाला वधू हवी, म्हणून वयाने फार लहान मुलींची लग्ने. जातीची कुंपणे टिकवण्याची किंमत स्त्रीच्या देहाने आणि आयुष्याने चुकती केली, हे त्यांनी इतक्या लवकर दाखवून दिले होते. पुढे इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अंगाने जातीकडे पाहिले, तेव्हा जात म्हणजे परस्परांत लग्नसंबंध होणारा विस्तारित सोयऱ्यांचा गट, हेच चित्र त्यांच्याही अभ्यासातून पुढे आले.

आपल्या भाषेत ‘रोटीबेटी व्यवहार’ असा जोडशब्द आहे. गेल्या शंभर वर्षांत त्यातला रोटीचा अर्धा भाग शहरांत तरी पुष्कळ मोकळा झाला. बेटीचा झाला नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम पाच टक्क्यांनी आपला पती दुसऱ्या जातीचा असल्याचे सांगितले. घर, दागिने, जमीन, ओळखीपाळखी, धंद्यातली भागीदारी हे सारे सोयरिकीच्या वाटेने फिरते. सोयरिक जर एकाच गटात होत राहिली, तर हे सारेही त्याच गटात फिरत राहते. आपण ‘सुखासाठी’ म्हणता त्यातली काळजी मला समजते, कारण परजातीत लग्न केलेल्या मुलींना त्यांच्याच माणसांकडून झालेला त्रास महाराष्ट्राने वेळोवेळी पाहिला आहे. परंतु तो त्रास देणारे त्या लग्नामुळे नव्हे, तर आपण ‘आपल्यातच’ या शब्दात जे धरून ठेवले आहे त्यामुळे तसे वागतात. मुलीने निवडलेला मुलगा कसा आहे, त्याच्या घरात तिला मानाने वागवतील काय, तिची नोकरी चालू राहील काय, ही चौकशी जरूर करावी. ती जातीतल्या स्थळाचीही तितकीच करावी लागते.

प्रश्न : मागासवर्गीयांतही वरचे-खालचे आहेत आणि तेही एकमेकांशी भेदभाव करतात. मग सगळा दोष वरच्या जातींवर का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. बाबासाहेबांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संज्ञा नेमकी याच गोष्टीसाठी वापरली. मालक आणि गुलाम असे दोनच थर असते, तर खालचे सगळे एक झाले असते. जातिव्यवस्थेत वर जाताना आदर वाढतो, खाली येताना तिरस्कार वाढतो, आणि अगदी तळ सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते. आपल्या वरच्याविरुद्ध उठायचे तर आपल्या खालच्यावरचा तोराही सोडावा लागतो, म्हणून उठाव होत नाही. खालच्या थरांतला भेदभाव हा या रचनेचाच परिणाम आहे, तिच्या निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.

या आतल्या थरांची दखल महाराष्ट्राने इतर अनेक राज्यांच्या आधी घेतली आहे. आपल्याकडे आरक्षणात इतर मागासवर्गाच्या १९ टक्क्यांखेरीज विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या तीन गटांना अनुक्रमे २.५, ३.५ व २ टक्के असे स्वतंत्र वाटे आहेत. मंडल खटल्याच्या नोव्हेंबर १९९२ च्या निकालाने इतर मागासवर्गातील उन्नत थर (क्रीमी लेयर) आरक्षणातून वगळला, आणि १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने अनुसूचित जातींचेही उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. ते कसे करावे, यावर मतभेद होणार आणि ते व्हावेत. परंतु सर्व जातींची संपूर्ण मोजणी शेवटची १९३१ च्या जनगणनेत झाली. आगामी जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. ती नीट झाली, तर कोणाच्या खाली कोण आणि किती, हा वाद अंदाजांवर चालणार नाही.

प्रश्न : प्रकल्पासाठी मला माझ्याच गावातील स्तरीकरणाचा अभ्यास करायचा आहे. जातीविषयी विचारले की लोक गप्प होतात. सुरुवात कोठून करू? (पदवीचा विद्यार्थी, सांगली जिल्हा)

उत्तर : जातीविषयी विचारूच नका, वस्तूंविषयी विचारा. गावाचा नकाशा काढा आणि त्यावर विहिरी, नळ, देवळे, स्मशानभूमी किंवा वेगवेगळ्या स्मशानभूमी असल्यास त्या, दवाखाना, डेअरी, सोसायटीचे कार्यालय आणि प्रत्येक वस्ती दाखवा. नळाला पाणी आधी कोठे येते आणि शेवटी कोठे पोहोचते, पावसाळ्यात चिखल कोणत्या वाटेवर राहतो, हे स्वतः पाहून लिहा. उसाला पाणी कोणाच्या रानात पोहोचते आणि ऊस तोडायला टोळी कोठून येते, हे साखर कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसनोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, किंवा टोळीच्या मुकादमाला विचारा. गावच्या स्तरांचे एक टोक गावाबाहेर, बीडकडच्या एखाद्या तांड्यात किंवा वाडीत असल्याचे दिसेल. मग तीन पिढ्यांचे तक्ते करा : आजोबांचे काम, वडिलांचे काम, नातवाचे काम, आजीचे शिक्षण, आईचे, नातीचे. स्त्रियांचे रकाने वेगळे ठेवा, कारण एकाच घरात जमीन पुरुषाच्या नावावर आणि रोजंदारी स्त्रीच्या वाट्याला, असे हमखास आढळेल. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी तंजावरकडच्या एका गावाचा अभ्यास करून १९६५ मध्ये दाखवले की जात, जमीन आणि सत्ता पूर्वी तेथे एकाच हाती होत्या आणि आता त्या सुट्या होऊ लागल्या आहेत. आपल्या गावात ग्रामपंचायतीचे सदस्य, सोसायटीचे संचालक आणि दहा एकरांवरचे खातेदार अशा तीन याद्या शेजारी शेजारी ठेवून कोणती नावे तिन्हींत येतात ते तपासा. पहिल्या आठवड्यात एवढेच करा. टिपणे रोज रात्री लिहून काढा, आणि कोणाचेही नाव अहवालात येऊ देऊ नका.